गुरुजींना कोणी शिकवलं?

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली, तर तिची नोंद होते. डेडस्टॉकच्या रजिस्टरात काय आलं, काय फुटलं, काय निर्लेखित झालं हे तारखेसह लिहिलेलं असतं, आणि तपासणीला आलेले साहेब ते रजिस्टर आवर्जून मागतात. पण त्याच खोलीत चाळीस मुलांसमोर तीव्र आम्लाची बाटली उघडणाऱ्या शिक्षकाला ती कशी हाताळायची हे कोणी शिकवलं, कधी शिकवलं, याची नोंद ठेवायची रीत आपल्याकडे पडलेलीच नाही. काचेचा हिशेब आहे, शिक्षकाच्या तयारीचा नाही.

हे आवाहन मी करतोय ते घाटघर, अंजनावळे, चावंड, आपटाळे या जुन्नरच्या पट्ट्यातल्या आणि आहुपे, डिंभे या आंबेगावच्या बाजूच्या आईवडिलांना, तिथल्या विज्ञानाच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना. पुण्यातल्या मोठ्या शाळांनाही ते लागू आहे. पण तिथे दहा मिनिटांत दवाखाना गाठता येतो. घाटघरहून जुन्नर तीसेक किलोमीटर, आणि जुन्नरहून पुणं आणखी नव्वदच्या पुढे. नाणेघाटाच्या माथ्यावर धुकं उतरलं, पाऊस लागला, की हेच अंतर वाढतं. भाजलेल्या पोराला 108 ची गाडी मिळेपर्यंत जे काही व्हायचं ते खोलीत हजर असलेल्या माणसाच्याच हातून होणार.

मदत यायला किती वेळ लागतो, हे या भागाला कोणी सांगायला नको. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, तेव्हा बाहेरच्यांना ते पहिल्यांदा कळलं एसटीच्या चालकामुळे. तो गाडी घेऊन आला, तर समोर गावच दिसेना. 151 माणसं गेली. त्या दुःखाशी प्रयोगशाळेतल्या अपघाताची बरोबरी कोणी करू नये. पण इथे पहिली मदत जवळच्या माणसाचीच असते, आणि त्या माणसाला काय येतं यावर बरंच अवलंबून असतं, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. प्रयोगशाळेत हा जवळचा माणूस म्हणजे विज्ञानाचे सर किंवा मॅडम.

आता एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दहावीच्या प्रात्यक्षिकाचा सराव चालू आहे. खिडकीतून लख्ख ऊन येतंय. एका टेबलावरून मुलगी सांगते, "सर, दिवा विझला." सर स्पिरिटची मोठी बाटली घेऊन येतात. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते, उजेडात ती जवळजवळ दिसत नाही. दिवा विझलेला नसतो, फक्त वात आखडलेली असते. सर बाटली वाकडी करतात, वाफ पेट घेते आणि ज्योत धारेवरून उलटी बाटलीत शिरते. बाटलीतून जो लोळ निघतो तो सरांकडे येत नाही, बाटलीचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे जातो. तिकडे मुलं उभी असतात.

ही भीती कल्पनेतली नाही. 2 जानेवारी 2014 ला न्यूयॉर्कच्या बीकन हायस्कूलमध्ये असंच घडलं. शिक्षिका वेगवेगळ्या क्षारांच्या रंगीत ज्योती दाखवत होत्या. ज्योत मंदावल्यावर त्यांनी मोठ्या भांड्यातून मिथेनॉल ओतलं, लोळ उठला आणि दोन विद्यार्थी भाजले, त्यातला एक फार गंभीर. मन पिळवटून टाकणारी गोष्ट पुढे आहे. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने याच प्रयोगाचा धोका सांगणारी चित्रफीत काही आठवडे आधीच, डिसेंबर 2013 मध्ये प्रसिद्ध केली होती. 2006 साली याच प्रयोगात भाजलेली एक मुलगी तिच्यात स्वतः बोलते. म्हणजे माहिती होती, इशारा होता. तो वर्गातल्या शिक्षिकेच्या हातापर्यंत नेण्याची जबाबदारी मात्र नीट पार पडली नव्हती. 2019 मध्ये ज्यूरीने त्या मुलासाठी जवळपास 6 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि त्या दाव्यात शहराचा शिक्षण विभागही उत्तरदायी होता. एकट्या शिक्षिकेकडे बोट दाखवून विभागाला मोकळं होता आलं नाही.

आपल्याकडे काय होतं? अपघात झाला की शिक्षकाचं निलंबन. वर्तमानपत्रात दोन दिवस 'निष्काळजी शिक्षक'. चौकशी समिती नेमली जाते आणि ती विचारते, तुम्ही त्या वेळी कुठे होता? हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की या शिक्षकाला स्पिरिटचा दिवा भरायला कोणी शिकवलं होतं? गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला विज्ञानाचे दोन्ही भाग शिकवावे लागतात, यात आता कोणाला नवल वाटत नाही. बी.एड.ला पाठ कसा घ्यायचा हे शिकवतात. सोडियमचा तुकडा रॉकेलमधून काढून कसा कापायचा, किती मोठा कापायचा आणि उरलेल्याचं काय करायचं, हे बहुतेकांनी आपापल्या कॉलेजात पाहिलेलं असतं किंवा पाहिलेलं नसतं. एसटी महामंडळ नव्या चालकाला चाचणी आणि प्रशिक्षणाशिवाय घाटात गाडी देत नाही. शाळा मात्र जूनमध्ये रुजू झालेल्या शिक्षकाला त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची किल्ली देते.

म्हणून शिक्षकबंधूभगिनींनो, हे तुमच्याविरुद्ध लिहिलेलं नाही. प्रशिक्षणाचा हिशेब ठेवला गेला तर सगळ्यात आधी तुमचंच रक्षण होईल. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात डिसेंबर 2008 मध्ये एक तरुण संशोधन सहायिका हवेत आपोआप पेटणारं रसायन हाताळताना भाजली आणि जानेवारी 2009 मध्ये वारली. चौकशीत दिसलं, की तिच्या अंगावर प्रयोगशाळेचा कोट नव्हता आणि तिला प्रशिक्षण दिल्याची लेखी नोंदही नव्हती. तिथे खटला भरला गेला तो विद्यापीठावर आणि तिच्या वरिष्ठ प्राध्यापकांवर. ज्याच्या हाताखाली माणूस काम करतो, त्याने त्याला तयार केलं होतं का, हे कायद्याने विचारलं. आपणही तेच विचारायला हवं.

कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे, तो थोडक्यात सांगतो. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला 16 जुलै 2004 ला आग लागली आणि 94 मुलं गेली. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निकाल दिला. प्रत्येक शाळेत आग विझवण्याची साधनं हवीत, ती वापरायचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना हवं, आणि ज्वालाग्राही व विषारी पदार्थ शाळेत ठेवायचेच असतील तर ते सुरक्षित ठेवले पाहिजेत, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं शालेय सुरक्षा धोरण 2016 मध्ये आलं. आणि 2021 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मुलांच्या सुरक्षेबाबत जबाबदारी कोणाची हे ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खासगी शाळेत व्यवस्थापन आणि मुख्याध्यापक, सरकारी व अनुदानित शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक आणि त्यांच्या वरचं शिक्षण प्रशासन. 'त्यांच्या वरचं प्रशासन' हे शब्द कोणी विसरू नयेत. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी, आश्रमशाळेसाठी घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, हे या साखळीत येतात.

आश्रमशाळेचं वेगळं सांगायला हवं. घाटघरच्या बाजूची कितीतरी कुटुंबं भातकापणी उरकली की पूर्वेकडे कांद्याच्या, टोमॅटोच्या कामाला उतरतात. पोरं आश्रमशाळेत असतात म्हणूनच त्यांना जाता येतं. तिथे आईबाप लेकरू सहा तासांसाठी सोडत नाहीत, महिनोन्‌महिने सोडतात. जखम झाली तर संध्याकाळी घरी येऊन आईला दाखवायची सोय नाही. एवढा विश्वास टाकला जात असेल तर त्याला जबाबदारीचं नावही तेवढंच ठळक हवं.

तयारी म्हणजे काय, तर ती फार मोठी, खर्चाची गोष्ट नाही. आम्ल विरल करताना आधी पाणी घ्यायचं आणि त्यात आम्ल थोडं थोडं, ढवळत सोडायचं. उलट केलं, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतलं, तर हलकं पाणी वर तरंगतं, तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लासकट उडतं. हे वाक्य अनेक शिक्षकांना पाठ असतं. पण चंचुपात्र धरलेला हात चेहऱ्यापासून किती लांब हवा, भांडं किती गरम होतं, ते खाली ठेवायची जागा आधी मोकळी केली आहे का, हे वाक्य पाठ करून येत नाही. ते एकदा कोणाच्या तरी देखरेखीखाली करून बघावं लागतं. प्रशिक्षण म्हणजे हे. सभागृहात बसून पाहिलेल्या स्लाइड आणि शेवटी हजेरीपटावर सही, याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

पाण्याचं बघा. भाजलं किंवा अंगावर आम्ल सांडलं तर वीसेक मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, आम्ल लागलेले कपडे लगेच उतरवायचे. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ धुवायचं. टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, आणि आम्लावर उतारा म्हणून कातडीवर सोडा तर मुळीच नाही. चुनकळीची पूड अंगावर पडली तर आधी कोरडीच झटकायची, मग भरपूर पाणी. एवढं प्रत्येकाला तोंडपाठ हवं. पण वीस मिनिटांच्या धारेला साधारण शंभर लिटर पाणी लागतं. नाणेघाटाच्या माथ्यावर पावसाळ्यात कोसळणारं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे नेमकं प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवसांत, उतरणीला लागलेलं असतं. नळ कोरडा असेल तर पाठ केलेलं सगळं ज्ञान फुकट. म्हणून ज्या दिवशी प्रात्यक्षिक, त्या दिवशी तोटी बसवलेला दोनशे लिटरचा पिंप भरलेला आहे की नाही, हे प्रयोगाच्या सामानाइतकंच महत्त्वाचं धरा. पिंप भरलेला नसेल तर त्या दिवशी आम्लाचा प्रयोग नाही. हा निर्णय घ्यायचा अधिकार शिक्षकाला हवा, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांनी त्याला बोलता कामा नये.

दुसरी गोष्ट म्हणजे कपाट. जुन्या शाळेत जुनं कपाट असतंच. चिठ्ठी उडालेल्या बाटल्या, गोठलेली झाकणं, फुटलेल्या थर्मामीटरचा पारा भरून ठेवलेली कुपी, ॲस्बेस्टॉसची तारजाळी. कोणी लावलं माहीत नाही, कोणी काढायचं माहीत नाही. डेडस्टॉकला आहे म्हणून फेकता येत नाही, आणि फेकायचं कुठे हेही कोणी सांगत नाही. 2010 साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र भंगारात लिलावाला गेलं. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते उघडलं गेलं, एक माणूस गेला आणि इतर काही जण आजारी पडले. देशातल्या नामांकित विद्यापीठात हे होतं, तर आपल्या शाळेच्या कपाटाबद्दल निर्धास्त राहू नका. नाव नसलेली बाटली हुंगून ओळखायची नाही, बेसिनमध्ये ओतायची नाही, मुलांकडून कपाट साफ करून घ्यायचं नाही. यादी करून वरच्या कार्यालयाला लेखी कळवायचं, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवायची.

एक भीती मला मनापासून वाटते, की हे सगळं वाचून एखादे मुख्याध्यापक सरळ प्रयोगशाळेला कुलूप लावतील. प्रयोग नाही म्हणजे अपघात नाही. कृपा करून असं करू नका. मुलं प्रयोग न बघताच जर्नल उतरवून काढतात ही आजच मोठी हानी आहे. आपल्या शेजारी शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो गावातली मुलं हाताने काम करूनच उत्तम शिकतात या विश्वासावर. जुन्नर तालुक्यातच खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन बघायला शाळाशाळांतून मुलं जातात. घाटघरच्या मुलीनेही एक दिवस तिथे काम करावं. त्यासाठी तिच्या हातात दहावीपर्यंत परीक्षानळी आलीच पाहिजे, आणि ती धरायला शिकवणारा माणूस स्वतः शिकलेला असला पाहिजे.

वेळ कुठून काढायचा, असं विचारलं जातं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. त्यातले सहा तास, एक दिवस, प्रयोगशाळेत उभं राहून सुरक्षिततेसाठी द्या. जागाही आहे. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन दरवर्षी भरतं आणि तिथे तालुक्यातले विज्ञानाचे शिक्षक एकत्र येतात. परीक्षक मांडणी तपासत फिरत असतात तेव्हा शिक्षकांना अर्धा दिवस रिकामा असतो. जुन्नरच्या किंवा मंचरच्या एखाद्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बोलवा. प्रत्येक शिक्षकाने स्वतः दिवा भरायचा, स्वतः आम्ल विरल करायचं, ओली चादर आणि वाळूची बादली वापरून छोटी आग विझवायची. ज्याला जमलं त्याच्या नावापुढे तारीख, आणि शिकवणाऱ्याची सही. ही यादी शाळेत डेडस्टॉक रजिस्टरच्या शेजारी ठेवा. इंग्लंडमध्ये 1963 पासून क्लीप्स नावाची संस्था आहे, शाळेतल्या शिक्षकाला एखाद्या प्रयोगाबद्दल शंका आली तर तो तिथे फोन करून विचारतो. आपल्याला तालुक्यापुरता असा एक फोन नंबर ठरवता येणार नाही का? एक जाणता प्राध्यापक, एक डॉक्टर, एवढ्याने सुरुवात होते.

आता पालकांसाठी. गुरुजींना विचारायचं कसं, हा संकोच मला ठाऊक आहे. आपल्याकडे मास्तरांना जाब विचारणं हे उर्मटपणाचं मानतात, आणि ज्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली त्यांना तर वाटतं आपल्याला काय कळतंय. पण तुम्हाला रसायनशास्त्र विचारायचं नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शांतपणे एवढंच म्हणा: सर, प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेत कोणाच्या नावावर आहे? त्यांना शेवटचं प्रशिक्षण कधी मिळालं, कोणी दिलं? ते मिळालं नसेल तर तुम्ही वर मागणी केली आहे का, पत्र दाखवता का? पोरगं भाजलं तर गाडी कोणाची, आणि आम्हाला फोन कोण करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पाचवा प्रश्न नसला तरी चालेल. उत्तर 'बघू' असं आलं तर पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा. तरीही नाही आलं, तर माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज होतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.

आणि या पट्ट्यातल्या गावांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्याच्या पालकांकडे नाही. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे 1996 चा पेसा कायदा इथे लागू आहे. शाळेसारख्या सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांचे कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार हा कायदा ग्रामसभेला देतो. जमिनीच्या, हिरड्याच्या आणि जंगलाच्या प्रश्नांवर आपल्या ग्रामसभा बोलतात, तशा त्या प्रयोगशाळेवरही बोलू शकतात. 26 जानेवारीची ग्रामसभा प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावरच येते. त्या दिवशी ठराव मांडा, की आमच्या गावची मुलं ज्या शाळांत शिकतात तिथल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाला शैक्षणिक वर्ष सुरू होताना प्रत्यक्ष हाताने केलेलं एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण मिळावं, ते देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची हे नावासह कळवावं, आणि शिक्षकांची तारीखवार यादी दर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक घोडेगावच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना, आणि एक शाळेला. शाळेला ती द्यायला जाल तेव्हा विज्ञानाच्या सरांना आधी भेटा आणि सांगा, की हा ठराव तुमच्यासाठी मागितला आहे.